तिसरा सामना आणि सासुरवाडी

१९७८ सालच्या बास्केटबॉल स्पर्धेत आष्टीनं रोहण्याला अठ्ठेचाळीस-सव्वीस असं हरवलं आणि करंडक नेला. रोहण्यात मात्र असा सामना झालेलाच नाही. कोणाला विचारलं तर तो शेतातल्या पऱ्हाटीचं, कपाशीचं बोलायला लागतो. तेव्हा आपणही सामना अजून व्हायचा आहे, असं धरून चालू.

नियम साधा होता. अंतिम फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे. पहिला एकाच्या गावी, दुसरा दुसऱ्याच्या, आणि गरज पडली तर तिसरा त्याच्या गावी, ज्यानं साखळीत जास्त सामने जिंकले. गरज दरवर्षी पडायची, कारण जो तो आपल्याच गावी जिंकायचा. यंदा रोहणा आणि आष्टी दोघांचेही साखळीत सहा-सहा विजय, अंतिम फेरीतही एक-एक. तिसरा सामना कुठं, हे आता समितीनं ठरवायचं होतं.

रोहण्याचा कप्तान श्रावण एकतीस वर्षांचा होता. त्याचा उजवा गुडघा पायऱ्या चढताना आवाज करायचा, म्हणजे हे शेवटचं वर्ष. करंडक त्यानं आजवर फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिला होता. सामना रोहण्यात झाला तर तो मिळणार आणि आष्टीत झाला तर नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. का, तेही ठाऊक होतं. त्याची सासुरवाडी आष्टीची.

पाहुण्या संघाचं जेवण शाळेत असे. पण सासुरवाडीच्या गावात जावई शाळेत जेवला, तर त्याची चर्चा त्याच्या नातवापर्यंत चालते. म्हणून श्रावण सासूकडं, मनकर्णाबाईंकडं, जेवायचा. पुरणपोळी, वाटीभर तूप, गोळ्यांची कढी. "घ्या जी जावईबापू, पळाचंच तं आहे," असं म्हणत त्या सातवी पोळी वाढायच्या. मग श्रावण मैदानात जाऊन उभा राहायचा. बहुतेक वेळा तेवढंच.

यंदा नाही म्हटलं तर काय होईल, हे त्यानं बायकोला, कोकिळाला, विचारून पाहिलं.

"म्हणा ना," कोकिळा म्हणाली. "मंग माह्या माहेरी यापुढं तुमीच जात जा. मले तं तोंड दाखवता येनार नाई."

समितीची बैठक अध्यक्ष अण्णाजींच्या ओसरीवर भरली. श्रावणनं आधी आष्टीच्या मैदानावरची उन्हाची तिरीप सांगितली, मग वाऱ्याची दिशा, मग बास्केटच्या कड्याची उंची. अण्णाजींनी जांभई दिली. शेवटी त्यानं खरं ते सांगून टाकलं.

"अण्णाजी, मले तिथं सासू वाढते."

समितीतले पाचही जण कोणाचे ना कोणाचे जावई होते. जो तो आपल्याच गावी का जिंकतो, याचा तपास त्यांनी तीन वर्षं केला होता. वारा झाला, माती झाली, पंच झाला. ताट कोणी तपासलं नव्हतं. अण्णाजींनी उठून श्रावणच्या खांद्यावर हात ठेवला आणि हा मुद्दा नियमात घ्यायचा, असं जाहीर केलं.

दोघांनाही परकं मैदान म्हणून आधी हिंगणघाट निघालं. पण तिथं पंचाची, भैय्याजींची, सासुरवाडी होती आणि तिथल्या जेवणानंतर त्यांच्यानं शिट्टी फुंकवत नसे. बाकीची गावंही अशीच एकेक करून बाद झाली. मग नत्थूजी नावाच्या सभासदांनी न्याय काढला: ज्या गावात पाहुण्या संघातले जावई कमी, तिथं सामना. मोजणी झाली. आष्टीचे चार खेळाडू रोहण्याचे जावई निघाले. रोहण्याचा आष्टीत एकच.

"एकाचंच नुकसान होते," नत्थूजी म्हणाले. "आष्टी."

श्रावणनं विरोध करायला तोंड उघडलं, पण मुद्दा त्याचाच होता. ठराव एकमतानं मंजूर झाला.

ही बातमी मनकर्णाबाईंपर्यंत पोचलीच. जावयानं भरसभेत आपल्या वाढण्याचं नाव काढलं, याचा त्यांना इतका आनंद झाला की सामन्याच्या दिवशी पोळ्या अकरा झाल्या.

त्यापुढं काही घडलेलं नाही.

पुढच्या सोमवारी श्रावणनं वर्ध्याला जाऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला:

"महोदय, तिसरा सामना अद्याप झालेला नाही. तो आष्टी येथे घेण्यास अर्जदाराची हरकत नाही. पत्नीचे ना-हरकत पत्र मिळताच सादर करण्यात येईल. तरी सामन्याच्या दिवशी सूर्योदयापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत अर्जदारास अविवाहित समजण्यात यावे व तसे अर्जदाराच्या सासूबाईंना तलाठ्यामार्फत लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."