अर्धाच रंगवलेला गोवा

मी बोलतेय खरी, पण माझ्याकडे उत्तरे मागू नका. मी इतिहासाची स्वाध्यायपुस्तिका आहे. माझ्या अंगावर प्रश्न आहेत, गाळलेल्या जागा आहेत, जोड्या आहेत, रंगवायला नकाशे आहेत. उत्तरे तेवढी नाहीत. ती माझ्याबरोबर छापलेल्या एका बारक्या उत्तरसूचीत असतात, आणि मुलांच्या हाती लागू नये म्हणून मोठी माणसे तिला दडवून ठेवतात. त्यामुळे मला जन्मापासून एक खोड लागली आहे. समोरच्याने पेन्सिल उचलली, की आता हा काय लिहितो म्हणून माझा जीव वरखाली होतो.

माझा जन्म घाटापलीकडच्या एका छापखान्यात झाला. कडा कापल्या, पाठीत पिना ठोकल्या, पाकिटात कोंबले आणि कुरियरने मी डिचोलीला आले. बाजारापासून थोड्या आतल्या घरात सेजल नावाच्या बाईने ते पाकीट फोडले. उत्तरसूची तिने स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्यामागे ठेवली आणि मला आपल्या मुलीच्या, सिद्धीच्या हाती दिले.

सिद्धी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि शाळेत जात नव्हती. दुसरीत असताना धडा वाचायला उभी राहिली, अडखळली, वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने शाळेत तोंड उघडले नाही. घरी आईशी अखंड बडबड आणि उंबऱ्याबाहेर एक शब्द नाही. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला, की पाव घ्यायला आई जायची आणि ही दाराआडून पाहायची. शेवटी सेजलने तिला घरीच शिकवायला घेतले.

मुलगी घरी शिकते म्हटल्यावर लोकांना काय काय सुचते ते मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकले आहे. परीक्षा कशी देणार, मैत्रिणी कशा मिळणार, पुढे लग्नाच्या वेळी काय सांगणार, इथपर्यंत मजल जायची. तीच माणसे आपल्या मुलाने काही विचारले तर "पुस्तकात बघ" म्हणून मोबाईल हातात घेतात. मला हसता येत असते तर माझ्या पिना निसटल्या असत्या.

सिद्धीच्या वडिलांचे, गौरेशचे, दुखणे मात्र खरे होते. तो आधी खाणीवरचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर पेडण्याला विमानतळावर गाडी चालवू लागला. दिवसभर परक्या माणसांशी बोलून पोट भरणारा माणूस तो. आपल्या लेकीचा आवाज घराबाहेर कुणी ऐकलेला नाही, हे त्याला आतून खायचे. एकदा जेवताना तो सेजलला म्हणाला, "चेडूं घरांत बसून मुकेंच उरतलें." पोर घरात बसून मुकीच राहील, ही त्याची धास्ती. मग त्याने अट घातली. पेडण्याला राहणारे त्याचे थोरले भाऊ दत्तप्रसाददादा मे महिन्यात येतील, ते पुस्तिका तपासतील. त्यांनी बरे म्हटले तर सिद्धी घरी शिकेल, नाहीतर जूनमध्ये शाळा.

झाले, माझ्यावर मोठीच जबाबदारी आली. पण सिद्धी मला भरेल तर शपथ. एका प्रश्नावर चार चार दिवस बसायची. 'राजाने किल्ला का बांधला?' असे मी विचारले, की ती आईला विचारणार, दगड कुणी वाहिले, त्यांना जेवण कोण द्यायचे, पाऊस लागला की ते कुठे झोपायचे? माझी ओळ रिकामीच. पण खोटे कशाला बोलू, मलाही ते जाणून घ्यावेसे वाटू लागले होते.

मग आला नकाशा. सोळाशे सालाच्या सुमारास पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला प्रदेश रंगवा, असे माझ्यावर छापले आहे, आणि कोपऱ्यात गोव्याचा तुकडा मोठा करून दाखवला आहे. सिद्धीने निळा खडू घेतला, टेकवला आणि थांबली.

त्यानंतर घरात जो पाहुणा येईल त्याला सेजलने एकच विचारायचे, तुमचे कुलदैवत मूळचे कुठले? विचारायला लावणारी सिद्धी दाराआड उभी. गोव्यात हा प्रश्न कुणाला जड जात नाही; पोर्तुगीज देवळे मोडू लागले तेव्हा लोकांनी आपापले देव उचलून त्यांच्या हद्दीबाहेर नेले होते. कुणाचा देव साष्टी तालुक्यातून नदीपार नेलेला, कुणाचा तिसवाडीतून. पेडण्याच्या काकूच्या माहेरची देवी बार्देशातून पेडण्याकडे आलेली. डिचोलीजवळच नार्व्याचा सप्तकोटेश्वर, तो तर समोरच्या दिवाडी बेटावरून आलेला. प्रत्येक उत्तराचा एक बाण सिद्धी माझ्या नकाशावर काढायची. मग तिने ठरवले, जिथून देव गेले ती जागा रंगवायची आणि जिथे देव आले ती कोरी सोडायची. तिसवाडी, बार्देश, साष्टी निळी झाली. डिचोली, पेडणे आणि बाकीचे तालुके कोरेच राहिले.

काका यायच्या दिवशी दुपारी सेजलने उत्तरसूची काढली. तिच्यात अख्खा गोवा निळा होता. सिद्धी मागच्या अंगणात काजू वेचत होती. सेजल निळा खडू घेऊन माझ्यावर वाकली. कोरे तालुके भरले की पोर घरी राहील, एवढाच विचार तिच्या मनात असावा. पण तिने खडू परत डब्यात ठेवून दिला. मला तिची फार दया आली, आणि फार अभिमानही वाटला.

दत्तप्रसाद गणिताचे मास्तर. माणूस सरळ, पण पानावर उत्तर नसेल तर अस्वस्थ होणारा. एकेक कोरी ओळ पाहून त्यांच्या कपाळावर आठी चढू लागली. नकाशावर आले तेव्हा त्यांनी उत्तरसूची मागितली, दोन्ही शेजारी ठेवले आणि चूक अशी खूण करायला पेन उचलले. हे एवढे तालुके का सोडले, असे त्यांनी सिद्धीला विचारले. सिद्धी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. सेजलच्या ओठांवर उत्तर आले होते, पण तिने ते गिळले. गौरेशने मान दुसरीकडे वळवली.

पेन खाली येणार तेवढ्यात दत्तप्रसादांना ते बाण दिसले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. दिवाडीहून नार्व्याला येणाऱ्या बाणावर बोट ठेवून ते म्हणाले, हा काय प्रकार आहे ते मला तिथेच दाखव. उन्हे उतरायला लागली होती. सगळे गौरेशच्या गाडीत बसले आणि मला सिद्धीने छातीशी धरले.

नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेली होती. चढल्यावर दत्तप्रसाद कठड्याला टेकून पलीकडचे दिवाडी बेट पाहत राहिले. सिद्धी पाणी पाहत होती. दोर सांभाळणारा माणूस जवळच उभा होता. सिद्धी त्याच्याकडे दोन पावले गेली, थांबली, आणखी एक पाऊल गेली.

"मामा, भरती आसली की होडी खंय लागता?"

आवाज इतका बारीक होता की इंजिनात बुडालाच असता. पण त्या माणसाने ऐकला. त्याने वाकून विचारले, कुठली होडी गो? मग सिद्धी बोलू लागली. अडखळली, पुन्हा बोलली. दिवाडीवरून देव आणला ती होडी. तेव्हा फेरी नव्हती, मग माणसांनी देव कुठे उतरवला असेल? तो माणूस हसला नाही. भरतीला पाणी कसे ओढते ते त्याने हाताने दाखवले आणि वळणापलीकडच्या एका जागेकडे बोट केले. सिद्धीने मला उघडून तिथे खूण केली. नदीचा एक शिंतोडा माझ्यावर उडाला, त्याचा डाग अजून आहे.

"तेन्ना ह्या बाजूक ते नाशिल्ले," ती त्याला समजावून सांगत होती. "ते हांगाय आसते, जाल्यार देव हांगा कित्याक हाडटलो?"

तेव्हा या बाजूला पोर्तुगीज नव्हते; ते इथेही असते, तर देव इथे कशाला आणला असता? दत्तप्रसाद एकदम ताठ उभे राहिले. गणिताच्या मास्तरांना आणखी काय हवे? सिद्धीचे बरोबर आहे आणि उत्तरसूचीचे चूक, असे ते दोनदा मोठ्याने म्हणाले. ते बरोबरच होते. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांच्या हाती लागले ते सोळाशेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. हे मला पुढे कळले.

गौरेशचे या सगळ्याकडे लक्ष नव्हते. तो फक्त लेकीचा आवाज ऐकत होता. दत्तप्रसाद जूनविषयी काही बोलू लागले तेव्हा त्याने हातानेच त्यांना थांबवले. मग तो सिद्धीजवळ जाऊन उकिडवा बसला आणि माझ्या नकाशावरचे बाण एकेक करून पाहू लागला. सेजलने पदर डोळ्यांना लावला.

"आमचो देव गो, सिद्धी?" त्याने विचारले. "तो मूळचो खंयचो?"

सिद्धीने नकाशा पाहिला, नदी पाहिली.

"खबर ना, पप्पा," ती म्हणाली. "सोदूया."

आता पावसाळा आला आहे आणि सिद्धी घरीच शिकते आहे. मी डिचोलीच्या त्याच टेबलावर आहे. माझी अर्धी पाने कोरी आहेत, पिनांना गंज चढतो आहे, आणि सुटीच्या दिवशी आपल्या देवाचे मूळ शोधायला बाप-लेक मला पिशवीत घालून कुठल्या ना कुठल्या देवळात जातात. गौरेश गाडी लावतो आणि विचारायला सिद्धी पुढे होते. तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणी असेल. तिची पाने किती भरली ते खुशाल मोजा, पण त्याआधी एकदा पोराजवळ बसून, तुम्हाला स्वतःला ठाऊक नसलेले काहीतरी त्याला विचारा.