आश्रुबांच्या पोटात मी 'पुरे' म्हणते

मला जीभ नाही, तरी गोड कळतं. तोंड नाही, तरी आज चार शब्द बोलायचे आहेत. मी आश्रुबांच्या लहान आतड्यातली एक पेशी. तुम्ही साखर जिभेवर चाखता आणि घास घशाखाली गेला की तिला विसरता. तुमचा संबंध संपतो तिथून माझा सुरू होतो.

आतडं आतून गुळगुळीत नसतं. त्याला मखमलीसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अशाच एका उंचवट्याच्या पायथ्याशी, खळग्यात, माझा जन्म झाला. आमचं आयुष्य ते केवढं! काही दिवस, नशीब बरं असेल तर काही आठवडे. पायथ्याला जन्मायचं, हळूहळू वर सरकायचं आणि शेंड्याला पोचलं की गळून पडायचं. मधल्या काळात वाट्याला आलेलं काम चोख करायचं, एवढंच.

माझं काम गोडाची राखण करण्याचं. माझ्या अंगावर गोड ओळखणारी कुलपं आहेत. तुमच्या जिभेवर असतात त्याच घडणीची. साखरेचा कण त्यात बसला की मला कळतं. जीभ अशा वेळी 'वा!' म्हणते. मला ती चैन नाही. मी फक्त रक्तात एक निरोप सोडते. विद्वान त्याला जीएलपी-वन म्हणतात. तो निरोप स्वादुपिंडाला सांगतो, साखर येतेय, तयारीत राहा. जठराला सांगतो, खाली जरा दमानं सोड. आणि मेंदूला सांगतो, पुरे. मी एकटीच आहे असं नाही. तूप ओळखणाऱ्या, डाळ ओळखणाऱ्या शेजारणीही आहेत, त्यांचेही निरोप असतात. आमचं सगळं गुपित अजून विद्वानांनाही उमगलेलं नाही, तेव्हा मी फार शहाणपणा करत नाही. आमच्या उलट जठर. ते रिकामं झालं की भुकेचा सांगावा धाडतं. दिवसभर आमची ही ओढाताण चालते आणि तिलाच तुम्ही भूक लागली, पोट भरलं असं म्हणता.

मला दिसत काही नाही. पण पोटाची भिंत कितीशी जाड? बाहेरचं बोलणं घुमत आत येतं. मी पहिल्यांदा ऐकला तो सुमनबाईंचा आवाज, म्हणजे आश्रुबांच्या बायकोचा.

"आवं, अजून दोन घास तरी खावा. एवढी चतकोर भाकर बी जाईना का?"

"पुरे," आश्रुबा म्हणाले आणि ताट सरकल्याचा आवाज आला.

सोनपेठजवळच्या गोदाकाठच्या एका गावातलं हे घर. आश्रुबा सत्तरीला टेकलेले. महिनाभर टायफॉईडनं झोपवलं होतं त्यांना. ताप गेला, पण जाताना अंगावरचं मासही घेऊन गेला. वजन एक्केचाळीस किलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "औषधाचं काम झालं, आता अन्नाचं. पंधरा दिवसांनी परत आणा. वजन वाढलं नसेल तर भरती करून नाकातून नळीनं अन्न द्यावं लागेल." ते ऐकल्यापासून आश्रुबांनी एकच धोशा लावला होता. "नळी घालायची आसंल तर मला हितंच मरू द्या. नळी लागलेला माणूस माघारी येत न्हाई." तसं काही नसतं हो, पण त्यांच्या मनानं ते घेतलं होतं. आजारी माणसाच्या मनातून एखादी गोष्ट काढणं म्हणजे बाभळीचा काटा काढण्यासारखं, जेवढं कोराल तेवढा आत.

आता माझ्यावर आळ कसा आला ते सांगते.

गावात आजारी माणसाला भेटायला जाण्याची रीत आहे, आणि चांगली रीत आहे. पण भेटायला आलेल्याला चहा द्यायचा, आणि आजारी माणसानं त्याच्यासोबत चहा घ्यायचा, ही त्याच रीतीची शेपटी. घरधन्याच्या हातात कप आल्याशिवाय पाहुणा आपल्या कपाला हात लावत नाही. सकाळी शेजारी, मग भावकी, मग पारावरची मंडळी. आश्रुबा सगळ्यांचे लाडके, त्यामुळे दाराला खंड नव्हता. दिवसाला आठ-आठ, नऊ-नऊ कप. आणि सुमनबाईंचा हात मोठा. आजारी माणसाला ताकद यावी म्हणून आश्रुबांच्या कपात एक चमचा साखर जास्तीची. वर कुणी बिस्किटाचा पुडा आणलेला असायचा, तो तिथल्या तिथं फोडायचा.

प्रत्येक कप माझ्याकडे यायचा. साखर कुलपात बसली की मी इमानानं निरोप धाडायची, पुरे. पुन्हा कप, पुन्हा पुरे. धडधाकट माणसाला कपभर चहानं काही होत नाही, तासाभरात निरोप विरतो. पण म्हाताऱ्या, आजारातून उठलेल्या देहाला आमचं बोलणं जरा जास्तच लागतं. जठर बिचारं भुकेचा सांगावा धाडायला जायचं, तोवर दारात आणखी कुणी चपला काढायचं. आणि ताट वाढलं जायचं ते नेमकं अशाच एखाद्या कपानंतर. दोन घासांत आश्रुबा म्हणायचे, "पुरे." तो शब्द त्यांच्या तोंडात मीच घातलेला असायचा.

सुमनबाई चुलीपुढे बसून रडायच्या, ते मला ऐकू यायचं. काय वाटत असेल मला? मी खोटं बोलत नव्हते. साखर आली होती, मी 'आली' म्हटलं. पण माझ्या खरेपणानं एक माणूस झिजत होता, हाच तो माझ्यावरचा आळ. शेजारणीला मी म्हणालेही, "बाई, आपण गप्प बसायचं का?" ती म्हणाली, "गप्प बसायचं आपल्या हाती नाही. साखर कोण धाडतंय ते बघ." बघू कशी? मला डोळे कुठं आहेत?

डोळे होते ते राजेश्रीला. राजेश्री आश्रुबांची सून. मोजकं बोलणारी. सहा दिवस उलटले होते, मी निम्मा उंचवटा चढून आले होते. त्या दिवशी सोनपेठचा बाजार होता. सगळं गाव बाजाराला गेलं. सकाळपासून दारात कुणी नाही, म्हणून चहा नाही. माझ्याकडे एक कण साखर आली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा निवांत बसले आणि त्या शांततेत जठराचा सांगावा अखेर मेंदूपर्यंत पोचला. दुपारी आश्रुबा बाजेवरून म्हणाले, "राजेश्री, येसराचा वास यायलाय गं. झाली का आमटी?"

राजेश्रीच्या हातातली पळी खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. आश्रुबांनी त्या दिवशी ज्वारीची अख्खी भाकरी येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसाल्याच्या, आमटीत कुस्करून खाल्ली. दुसऱ्या दिवशी बाजाराहून परतलेली मंडळी भेटायला आली, सकाळीच पाच कप झाले, आणि न्याहारीला पुन्हा चतकोरावर गाडी अडली.

त्या दिवशी राजेश्री सासूला म्हणाली, "आत्याबाई, मामांची भूक मेली न्हाई. आपून तिला चहात बुडवायलोत."

"म्हणजी?"

"काल कुणी आलं न्हाई, चहा झाला न्हाई, तर भाकर गेली. आज पाच कप गेले, भाकर ऱ्हायली. आता जेवण झाल्याबिगर मामांना चहा न्हाई."

"आगं, मग पाव्हण्याला काय सांगावं? लोक म्हणतील, आश्रुबाच्या घरी चहा बी महाग झाला."

"म्हणू द्या."

म्हणू द्या म्हणायला सोपं. तासाभरात दत्तराव आले. दत्तराव म्हणजे आश्रुबांचे लहानपणापासूनचे जोडीदार. दोघांनी एका वर्गात मार खाल्लेला. ते बसले, इकडचं तिकडचं झालं, आणि चहाची वाट बघून शेवटी त्यांनीच विषय काढला.

"सूनबाई, चहा टाकती न्हवं?"

"काका, मामांचं जेवण झालं की टाकते."

"मी कवा थांबू तवर?"

"मग थांबा की. न्हाईतर जेवायलाच बसा त्यांच्या संगं."

दत्तरावांच्या चपला सरकल्या. "आश्रुबा, तुझ्या घरात आता बायामाणसांचं राज हाय. येतो मी." आणि गेले. सुमनबाईंनी कपाळावर हात मारल्याचं ऐकू आलं. आश्रुबा तर लहान पोरासारखे रुसले. "माझा गडी उपाशी घालवला तुमी," म्हणाले, आणि राग म्हणून त्या दुपारी एक घासही घेतला नाही. मला वाटलं, झालं, आता काही खरं नाही. हातात उरलेले दिवस सात. राजेश्रीची पावलं मागच्या दारी गेली. ती रडली का, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळेला दार वाजलं.

"सूनबाई," दत्तरावांचा आवाज, "घरी कारभारीण म्हणली, पोरगी खरं बोलायली आन तुमी चहासाठी रुसून आलाव? लाज वाटंना का? म्हणून आलो. वाढ दोन ताटं. पर मला ठेचा पायजे, सांगून ठेवतो."

काय सांगू तुम्हाला! दत्तराव जेवतात की तोंडानं तालमीत उतरतात, देव जाणे. भाकरी मोडायची, चुलीवरच्या वांग्याला नावाजायचं, मास्तरच्या छडीची गोष्ट सांगायची आणि मधेच म्हणायचं, "आरं, मी दुसरी घेतली, तू अजून पैलीवरच?" आश्रुबांना ईर्ष्या चढली. आमच्याकडे घास येऊ लागले. ज्वारी, तुरीची डाळ, वर तुपाची धार. डाळीच्या शेजारणीला काम मिळालं, तुपाच्या शेजारणीला काम मिळालं, आणि मी मात्र आपल्या पाळीची वाट बघत शांत बसले. जेवण उरकलं की मग चहा यायचा, माझ्या वाट्याची साखर घेऊन.

त्या दिवसापासून दत्तराव रोज जेवायला. त्यांचं बघून बाकीची मंडळीही जेवणाच्या वेळेला येऊ लागली, कुणी घरून पिठलं आणी, कुणी दही-धपाटे. रीत मोडली नाही, नुसती चार पावलं पुढं सरकली.

काल पंधरावा दिवस होता. मी आता शेंड्याला आले आहे, माझी पकड सैल झाली आहे. दवाखान्यातल्या काट्यावर आश्रुबा चढले तेव्हा मीही त्यांच्यासोबत होते. त्रेचाळीस किलो चारशे ग्रॅम. "नळी नको," डॉक्टर म्हणाले, "असंच जेवत राहा." आश्रुबा म्हणाले, "राजेश्री, घरी चल. भूक लागली."

आज दुपारी मी हे बोलते आहे. बाहेर ताटं मांडली आहेत. तेवढ्या वेळात मला सगळ्यांचे आभार मानायचेत. कधी न दिसलेल्या जिभेचे, जिनं चव घेऊन घास माझ्यापर्यंत धाडला. जठराचे, ज्यानं हार मानली नाही. रुसून परत येणाऱ्या दत्तरावांचे. आणि राजेश्रीचे, जिनं माझं नावही ऐकलेलं नाही, पण माझ्यावरचा आळ काढला. तुम्ही कुणाच्या घरी विचारपूस करायला गेलात, तर चहाला नाही म्हणू नका, फक्त त्याला भाकरीच्या मागे उभा करा. आणि जमलं तर घटकाभर बसून आजारी माणसासोबत जेवा.

दोन भाकऱ्या झाल्या. चहा आला, त्यातली साखर माझ्याकडे आली. मी माझा शेवटचा निरोप सोडला. वर सुमनबाई सवयीनं म्हणत होत्या, "अजून अर्धी घ्या की."

आश्रुबांनी ताटावर हात आडवा धरला, ढेकर दिला आणि हसून म्हणाले, "पुरे गं, पुरे."

तो शब्द ऐकून सुमनबाई पहिल्यांदाच रडल्या नाहीत. मी आता हात सोडते.