माझ्या डोक्यावरचे पत्रे

मित्रांनो, मी सिहोऱ्याचा एक जुना पर्जन्यमापक आहे. वर नरसाळं आणि पोटात बाटली, एवढंच माझं रूप. बाटलीत साठलेला पाऊस काचेच्या मापात ओतून मोजतात. आज मला राग आलेला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मला इथं आणलं यादोरावांनी. ते हवामान खात्यात निरीक्षक होते. अंटार्क्टिकावरच्या आपल्या संशोधन केंद्रात त्यांनी अख्खा हिवाळा काढला होता. दोन महिने सूर्याचं तोंड नाही. बर्फाच्या वादळात स्वतःचा हात दिसेना, तेव्हा बांधलेला दोर धरून ते यंत्रापर्यंत जात आणि नोंद घेऊन परत येत. निवृत्तीनंतर गावच्या मोकळ्या जागेत, झाडाघरांपासून दूर, त्यांनी मला रोवलं. चौदा वर्षं रोज सकाळी साडेआठला ते आले. लेकीच्या लग्नादिवशी वहीच्या पानाला त्यांच्या बोटांची हळद लागली, पण आकडा चुकला नाही.

फाल्गुनात ते गेले. दुसऱ्या सकाळी साडेआठला त्यांच्या पत्नी कुंताबाई आल्या. डोळे सुजलेले होते. त्यांनी चष्मा लावला, कोरडी बाटली पाहिली आणि शून्य लिहिलं. तेव्हापासून माझी नोंद घेतल्याशिवाय त्यांनी चहासुद्धा तोंडाला लावला नाही. तुळशीला पाणी घालावं तसा तो त्यांचा नेम झाला.

आणि मग आषाढात गावाला यादोरावांची आठवण आली! सरपंच भोजराजनं स्मारक करायचं ठरवलं. एका दिवसात माझ्याभोवती चार खांब उभे राहिले आणि वर पत्रे ठोकले गेले. एका खांबाला यादोरावांचा फोटो, त्याला हार.

दुसऱ्या सकाळी कुंताबाई थबकल्याच.

"का गा भोजराज, हे काय करून ठेवलं?"

"काकू, काकाजीचं यंत्र उन्हापान्यात सडून राहिलं होतं. आता एक थेंब नाही लागनार त्याले!"

"अरे, थेंब पडावा म्हनूनच तर हाये ते!"

जमलेले लोक हसले. भोजराजही हसला. "रविवारी उद्घाटन हाये काकू. पाहुने येऊन राहिले. त्याच्यानंतर पाहू."

त्याच दुपारी पाऊस लागला. शेतातल्या धानाच्या बांध्या भरल्या, तलाव काठाला टेकला. माझ्या डोक्यावर पाऊस पत्रे बडवत होता आणि पोटात थेंब नव्हता. ज्या कामासाठी जन्मलो, तेच हार घालून हिरावून घेतलं होतं!

सकाळी कुंताबाईंनी बाटली पाहिली. पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"अंगनातली बादली भरून वाहून राहिली, अन् मी शून्य लिहू? खोटं नाही लिहीत मी."

पत्रे ठोकणाऱ्या बाबुलालला त्यांनी घरून उठवून आणलं.

"काढ."

"सरपंच कोपतील, काकू."

"कोपू दे. कालचा पाऊस परत आनून देते का तो?"

बाबुलाल शिडीवर चढला. रविवारी भोजराज आला, तेव्हा चार खांब तेवढे उभे होते.

"काकू, पाहुने भिजतील ना!"

"छत्री आनाले सांग त्याहीले," कुंताबाई शांतपणे म्हणाल्या आणि माप पुसू लागल्या.

त्या सकाळी माझ्या पोटात बेचाळीस मिलिमीटर पाऊस होता. पण त्या आठवड्यातला तो एक रकाना कायमचा रिकामा राहिला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. भोजराज नवा हार आणू शकतो, तो पाऊस आणू शकत नाही.

मित्रांनो, कुणाचा मान करायचा असेल, तर आधी विचारा, त्या माणसाचं काम काय होतं. ते चालू ठेवा. आणि हात जोडून सांगतो, मला उन्हात तापू द्या, पावसात भिजू द्या. पण माझ्यावर सावली धरू नका.