यशोदाबाईला कोण समजावणार?

मित्रांनो, मी एक जुना मेंदू आहे आणि माझे डोके फिरले आहे. हसू नका. मेंदूलाही राग येतो.

ज्या साली गोंदियाला रेल्वे आली, त्या साली यशोदाबाई जन्मली आणि तिच्या डोक्यात मीही. लहानपणीच माझ्या मागे एक काम लागले, दुसऱ्यांचे राग सांभाळायचे. बापाच्या पावलांवरूनच मी ओळखायचो, आज बोलायचे की गप्प बसायचे. लोक म्हणत, पोरगी किती शांत! शांत कसली? आत मी राबत होतो. समोरच्याचा जबडा आवळला की हिचाही आवळतो. तो मी सैल करायचा, जिभेवर आलेले उत्तर मागे ओढायचे, समोरच्याच्या रागाखाली काय दुखते आहे ते शोधायचे आणि मग नेमका शब्द पुढे करायचा. यात मी किती दमतो, हे कोणी विचारले नाही.

तिचे लग्न झाले ते दुधरामशी. दुधराम गावतलावाचा पाणकर, म्हणजे कोणाच्या बांधीतल्या, त्या भाताच्या खाचरातल्या, धानाला कधी पाणी सोडायचे हे ठरवणारा. आमच्याकडची रीत अशी, की पाणकराने स्वतः सगळ्यांच्या शेवटी पाणी घ्यायचे. रीत चांगली आहे. पण ती शेवटची बारी येईपर्यंत कोणीतरी फावडे घेऊन दारात उभा राहायचाच, की मला अजून एकदा पाणी द्या. मग दुधराम घरात तोंड करून ओरडायचा, "यशोदे, समजाव याले!" आणि यशोदाबाई आपल्या वाट्याचे पाणी देऊन त्याला समजवायची.

एका वर्षी आश्विनात पावसाने दडी मारली. तलावात एका बांधीपुरते पाणी उरले, ते यशोदाबाईच्या बारीचे. ते गेले असते तर वर्षभर घरात दाणा नसता. ती नवऱ्यासोबत तलावाच्या मातीच्या पाळीवर पोचली, तर तिचा दीर उमराव आधीच फावडे घेऊन उभा.

"भाऊ, मले अजून पाणी पायजे! माहा धान जळून राह्यला!"

तो राग नव्हता, भीती होती. मी लगेच ओळखले. दुधराम मागे न पाहताच म्हणाला, "यशोदे, समजाव याले."

मी सवयीने शब्द शोधू लागलो आणि थांबलो. साऱ्या गावाचे राग मी हाताळले, तिचा तेवढा दाबून ठेवला. त्या दिवशी मी हात काढून घेतला.

यशोदाबाई पाणी सोडायच्या दारावर जाऊन बसली. "मले कोण समजावते? माहा धान नाही का जळत? सांगा ना!"

"तू कायले रागावून राह्यली?" दुधराम चक्रावला. "तू त समजदार हायस."

समजदार! हा शब्द ऐकला की मी अजूनही पेटतो.

उमरावने मात्र फावडे खाली टेकवले. इतक्या वर्षांत तो प्रथमच तिच्या तोंडाकडे नीट पाहत होता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "तुया धानाले पाणी भेटलंच नाही का अजून?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग त्यानेच तिच्या बांधीकडे जाणारा पाट मोकळा करून दिला. म्हणजे मित्रांनो, त्याच्याही डोक्यात माझ्यासारखाच मेंदू होता! त्याला कोणी कामाला लावले नव्हते, एवढेच.

आता स्वराज्य आले, यशोदाबाई म्हातारी झाली. तरी घरात भांडण पेटले की हाक येतेच, "आजीले बोलवा!" मी थकलो आहे. मला कौतुक नको. तुमच्या घरात जी सगळ्यांना समजावते, तिच्या तोंडाकडे आज एकदा नीट पाहा. आणि तिच्या धानाला पाणी मिळाले का, ते विचारा.