कानबाईआधीची डागडुजी

कौतिकराव म्हणजे दाळमिलमधले एक नंबरचे फिटर. मिलचं कुठलंही यंत्र रुसलं की बोलावणं त्यांनाच. घरातला मोरीचा नळ मात्र गळतोय तो गळतोयच. बायकोनं, ताईबाईंनी, किती डोकं फोडलं तरी उत्तर एकच, "करू की." अंगात कला असावी, पण ती घरच्यांच्या वाट्याला येऊ नये, त्यातला प्रकार.

तेच कौतिकराव यंदा आषाढ लागल्यापासून रोज पाना-पेचकस घेऊन बसायला लागले. नळाला नवा वायसर टाकला, मोरीच्या दाराची बिजागरी बसवली, कुकरची मूठ आवळली. मेहरूणमधल्या शेजारणी म्हणाल्या, अक्का, तुमचं तर नशीबच उघडलं. ताईबाई हसल्या नाहीत. नळ गळायचा थांबला तेव्हा त्यांना बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. थोरला मुलगा स्वप्नील दोन वर्षांपूर्वी पारोळ्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला, तेव्हापासून हे असंच. दात काढताना सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं.

दुरुस्तीचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं घरात कानबाई बसली नव्हती. यंदा पिंपळनेरच्या भाऊबंदांनी ठणकावून सांगितलं, आता बसवायची, आणि तुमच्याकडेच. श्रावणात देवी येणार म्हणजे रंगरंगोटी आलीच. रंगाला ताईबाईंची ना नव्हती. धसका होता तो गव्हाचा. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू काढतात. जाऊ विचारते, किती, आणि घरच्या बाईनं आकडा सांगायचा. ताईबाईंचं तोंड इतकी वर्षं एकच आकडा सांगत आलं होतं. चारचौघींत सवयीनं तोच निघाला तर?

म्हणून त्या कामं काढत राहिल्या. घर तयार नाही तोवर गहू काढायला कोण बसतंय? त्यांनी उसवलेल्या उश्या शिवल्या, गोधडीला ठिगळं लावली, धाकट्या नीलेशच्या शर्टांना बटणं लावली. मग नवऱ्यामागं लागल्या. खिडकीची जाळी फाटलीय, पंखा कुरकुरतोय. कौतिकराव एकदाही "करू की" म्हणाले नाहीत, लगेच उठायचे. सांगायला काही उरेना तेव्हा ताईबाईंनी दाराची धड असलेली कडीही वाकडी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी तीही काढून पुन्हा बसवली. बोलणं म्हणाल तर खिळे आणि दोरा, एवढंच. गेलेल्या पोराचं नाव घरात कुणी घेत नव्हतं.

शेवटी कामं संपली. गहू काढायच्या दिवशी पिंपळनेरची जाऊ दीपमाला आली, भावकीतल्या बायका गोल करून बसल्या. कौतिकराव शिडीवर चढून तोरणासाठी खिळा ठोकत होते. दीपमालानं बाकीच्या घरांचे गहू काढले आणि सहज विचारलं,

"तुमना घरना कितला, अक्का?"

ताईबाईंनी शब्द तोंडात घोळवून तयार ठेवला होता. त्या बोलणार, तेवढ्यात शिडीवरून आवाज आला.

"तीन."

हातोडी चालूच होती. माणूस कामात होता, विचारलं म्हणून सांगून टाकलं. बायका खाली बघायला लागल्या, दीपमालाची मूठ गव्हातच राहिली. मग हातोडीही थांबली.

ताईबाईंना नवऱ्याचा असा कळवळा आला की छातीत दुखलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी दुखलं. बाई गं, हाही माणूस तेच घेऊन फिरत होता. त्या गप्प राहिल्या असत्या तर दीपमालानं तीन जणांचे गहू काढलेही असते, कुणी ब्र काढला नसता. पण त्या उठल्या, शिडीपाशी गेल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या,

"दोन. आते आपला दोनच शेतस."

कौतिकरावांनी वरूनच मान हलवली. दीपमालानं आधी त्यांच्या नावानं गहू काढला, मग नीलेशच्या. ते भिंतीकडे तोंड करून उभेच राहिले. थोड्या वेळानं त्यांची पाठ हलायला लागली, तशी ताईबाईंनी शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.