लच्छूभाऊच्या वहीतलं बत्तीस

आमच्या दहावीच्या बॅचनं ठरवलं, चंद्रपूरच्या गेट-टुगेदरला सगळ्या बायांनी वन-पीस घालायचा. साडी नाही, पंजाबी ड्रेसही नाही. ठरवणाऱ्या बाया चंद्रपूरच्या. त्यांच्या गल्लीच्या टोकाला दुकान. मी भामरागडची अंगणवाडी सेविका. पण खरं सांगते, मला आनंदच झाला. वन-पीसची हौस मला कॉलेजपासूनची, सत्तेचाळीस वर्षांची झाले तरी कुणापाशी बोलले नव्हते इतकंच.

मोबाईलवर मोरपंखी रंगाचा एक पसंत केला. पुण्याला शिकणारी माझी मुलगी संघप्रिया फोनवर म्हणाली, "आई, आधी टेपनं माप घे. साइज चुकली तं वापस करता करता पूर येईन."

"टेप कायले पाह्यजे? लच्छूभाऊच्या वहीत माप आहे ना."

लच्छूभाऊ आमचा टेलर. लग्न होऊन आले तेव्हा त्यानं एकदा माझं माप घेऊन वहीत लिहिलं, आणि गेली तेवीस वर्षं माझे ब्लाउज शिवतो. एकही कधी घट्ट झाला नाही. छाती बत्तीस. मोबाईलवरच्या तक्त्यात बत्तीससमोर 'एस' होतं. मी ऐटीत 'एस' मागवला.

मग नदी चढली, आठ दिवस रस्ता बंद. पार्सल आलं शुक्रवारी. बदलून मागवायला वेळच नव्हता, गेट-टुगेदर रविवारी. दार लावून ड्रेस डोक्यातून घातला तो खांद्यावरच अडकला. हात वर, तोंड आत. नवऱ्यानं ओढून मला बाहेर काढलं. मला रडूच आलं.

तशीच तणतणत लच्छूभाऊकडे गेले. "भाऊ, वहीत बत्तीस आहे ना? मंग हे काऊन होत नाई?"

त्यानं चष्मा पुसला. "बाई, वहीत बत्तीसच आहे. पन मी चाळीसचा शिवून राह्यलो."

"कधीपासून?"

"हळूहळू वाढवत आनलं. तुमच्या सासूबाईले एकडाव खरा आकडा सांगतला, तं दोन साल दुकानात नाई आल्या. तवापासून मी आकडा बदलवत नाई, कापड वाढवतो."

त्यानं वही पुढे केली. गावातल्या साऱ्या बाया आपापल्या लग्नाच्या मापावर थांबलेल्या होत्या. आणि मी, दर महिन्याला पोरांची वजनं घेणारी. आयांनी आकडा फुगवून सांगितला की वाढीच्या तक्त्यावर खराच ठिपका पडला पाहिजे म्हणून ओरडणारी. आता रागावू तरी कोणावर?

"रेडीमेडच्या शिवणीत कापडच नसते," असं पुटपुटत त्यानं दोन्ही बाजू बाह्यांपासून उसवल्या आणि काळ्या साटीनच्या पट्ट्या घातल्या. शनिवारी संध्याकाळी घालून पाहिला. आरशातली बाई मला आवडली. फार आवडली.

लच्छूभाऊनं कानामागची पेन्सिल काढून वहीतलं माझं पान उघडलं. "खरं लिवून टाकू, बाई?"

मला तो तक्त्यावरचा ठिपका आठवला. मग म्हटलं, "राहू द्या."

रविवारी गेट-टुगेदरला आमच्या बॅचची चंदा माझ्या ड्रेसकडे पाहतच राहिली. तिच्या ड्रेसची मागची चेन लागली नव्हती, म्हणून तिनं वरून ओढणी घेतली होती.

"साइज कोनती व तुही?"

"बत्तीस," मी म्हणाले. "खोटं वाटत असन तं आमच्या टेलरची वही पाह्य."