शेपटीचा कोपरा

ओडिल व्हरमूटचा स्वभावच काळजीखोर. दाराला कुलूप लावून निघाला की गल्लीच्या टोकावरून परत येऊन ते ओढून बघणार, आणि बायकोनं आधी ओढून बघितलं असलं तरी पुन्हा ओढणार. ऑस्टेंडच्या विमानतळावर लोक त्याला ‘आजीबाई’ म्हणायचे. पण मालविमानात काय पुढे ठेवायचं आणि काय मागे, हे ठरवणाऱ्या माणसाला असाच स्वभाव हवा. विमानाचं तराजूसारखं असतं. शेपटीकडे भार वाढला की वैमानिकानं ओढायच्या आधीच नाक उठतं, आणि एकदा उठलं की खाली आणणं देवाच्या हाती. म्हणून झेमेव कंपनीत ओडिलची सही झाल्याशिवाय विमान हलत नसे, आणि त्यानं सही मागे घेतली तर कप्तानाचंही काही चालत नसे.

झेमेव एका कोळंबीवाल्यानं काढलेली. पंख्याचं एक जुनं विमान घेतलं, त्यातून कोळंबी नेली, मग शर्यतीचे घोडे, मग छपाईची यंत्रं. एकदा मधमाश्यांच्या पेट्या नेल्या तेव्हा त्यातली एक फुटली आणि कप्तान सुजलेल्या डोळ्यांनी विमानातून उतरला. पुढं आफ्रिकेच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि कंपनीला बरे दिवस आले. मग म्हातारा गेला, पोरानं अंथरूण न बघता पाय पसरले, मोठ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकं पळवली, आणि दिवाळं निघालं. आज चार वाजता सगळ्याला सील लागायचं होतं. कोर्टाचा माणूस वेळेआधीच येऊन कँटीनमध्ये कोळंबीची तळलेली क्रोकेटं खात बसला होता.

“चारच्या आत उडेल ते उडू द्या. जमिनीवर राहील ते माझं,” तो म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता.

उडायचं होतं ते एकच विमान, आफ्रिकेतल्या लुबुम्बाशीचं. कप्तान गिस्लेन, आणि त्याच्या शेजारी सहवैमानिक म्हणून ओडिलची एकुलती एक मुलगी हिल्डे. असलीच जुनी विमानं चालवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीनं तिला शब्द दिला होता, फक्त उड्डाणाचे तास पुरे करून ये म्हणाले होते. या फेरीत ते पुरे होणार होते. ही फेरी हुकली तर दुसरी नव्हतीच. पोरीनं सकाळी बुटांना स्वतः पॉलिश केलं होतं आणि बापाला दोनदा मिठी मारली होती.

ओडिलनं सही केली, दारं बंद झाली. तो हँगरच्या खिडकीशी कॉफी घेऊन उभा राहिला. बाहेर समुद्राचा वारा सुटला होता. चारी इंजिनं सुरू झाली तेव्हा त्याची बायको लिओना पदराला हात पुसावेत तसे अॅप्रनला हात पुसत कँटीनमधून आली.

“कापिंगाबाईला शिवणयंत्र पोचेल ना रे नीट?” ती म्हणाली. “मी चादरीत गुंडाळलंय.”

“कुठलं शिवणयंत्र?”

“माझ्या आईचं. शेपटीच्या कोपऱ्यात ठेवलं की.”

शेपटीचा कोपरा म्हणजे मालाच्या शेवटच्या फळीमागची जाळी लावलेली जागा. लुबुम्बाशीच्या धावपट्टीवर इलुंगा माल उतरवून घ्यायचा, कापिंगाबाई सगळ्यांना जेवू घालायची. इतक्या वर्षांत दोघं घरचीच झाली होती. त्यांच्यासाठी ज्याला जे पाठवायचं ते त्यानं तिथं ठेवावं, मात्र आधी ओडिलच्या वजनकाट्यावर घालून. हा नियम कधी कुणी मोडला नव्हता.

“काट्यावर घातलंस?”

“तू सकाळपासून तोंड पाडून बसलेला. म्हटलं एका यंत्रासाठी कशाला डोकं खायचं?”

ओडिलनं कप खाली ठेवला. माल चढवणारा फिर्मिन शेजारी सिगारेट वळत होता, तो एकाएकी फारच मन लावून वळायला लागला.

“फिर्मिन, तूही काही ठेवलंस?”

“बियरच्या पेट्या. थोड्याच.”

“थोड्याच म्हणजे?”

“इलुंगाच्या पोरीच्या लग्नाला पुरतील इतक्या.”

“अरे गाढवा, तिकडे लग्नाला अख्खी वस्ती येते!”

“मला वाटलं मी एकटाच ठेवतोय,” फिर्मिन पुटपुटला. “शेवटची फेरी होती ना, आजीबाई.”

मेकॅनिक गेरोल्फला कुणी विचारलंच नाही, तरी त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं जनरेटर ठेवला होता. कापिंगाबाईच्या स्वयंपाकघरात दिवे जातात म्हणून. तिथं आणखी कुणाकुणाचं काय होतं कोण जाणे. शेवटचा दिवस म्हणून जो तो जिवाभावाचं काही द्यायला गेला होता, आणि जो तो समजत होता की आपलं तेवढं एकच बोचकं.

मग ओडिलला आठवलं. पहाटे त्यानं स्वतः आपल्या अवजारांची पेटी तिथं नेऊन ठेवली होती, इलुंगासाठी. ठेवताना डोळे भरून आले, कुणी बघू नये म्हणून तो तडक बाहेर पडला, आणि काट्याचं राहून गेलं. जन्मभर कुलपं ओढून बघणारा माणूस, आणि नेमका आज दार सताड उघडं टाकून आला होता. सही मात्र झोकात केली होती.

“असेल थोडं जास्त,” गेरोल्फ म्हणाला. “विमान दणकट आहे. मागं एकदा तू असंच थांबवलं होतंस, आठवतंय? काही निघालं नाही. वर्षभर हसत होते लोक.”

ओडिलला चांगलंच आठवत होतं. तो खिडकीला नाक लावून विमानाकडे बघत होता. पुढचं चाक रोजच्यापेक्षा सैल वाटतंय का? वर जास्त उचललेलं दिसतंय का? की भीतीमुळे तसं दिसतंय? त्याला कळेना. विमान धावपट्टीच्या टोकाकडे हळूहळू निघालं होतं.

त्यानं भिंतीवरचा रेडिओ उचलला.

“हिल्डे, वळताना पुढचं चाक घसरतंय का गं?”

“जरासं. वारा आहे ना बाबा. का?”

“नाक हलकं वाटतंय?”

खरखर झाली. मग गिस्लेनचा आवाज आला. “ओडिल, आता नाही हं. आज नाही. पोरीच्या हातात आहे विमान, तिला उडवू दे.”

“शेपटीत न मोजलेला माल आहे, गिस्लेन.”

“किती?”

“माहीत नाही. माझाही आहे त्यात.”

इंजिनांचा आवाज तेवढा खिडकीच्या काचेतून येत होता. मग हिल्डे बोलली, अगदी हळू, लहानपणी सायकलवरून एकटी जाऊ दे म्हणून विनवायची तशी.

“बाबा, नको ना. मी सांभाळीन. वेग जास्त घेईन. बाबा, यानंतर मला काही नाही रे.”

लिओनानं त्याची बाही धरली होती; थांबव म्हणून धरली होती की थांबवू नको म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. पोरीनं सांभाळलं असतं, कदाचित. हातांत कसब होतं तिच्या. दहा वेळा विमान उडालं असतं तर नऊ वेळा काही झालं नसतं, असं त्याला स्पष्ट दिसत होतं. दहाव्या वेळेचं त्याला बघवेना.

“मी सही मागे घेतोय,” तो म्हणाला, आणि आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणाला, “सही मागे घेतली. परत या.”

विमान धावपट्टीच्या तोंडाशी बराच वेळ उभं राहिलं. मग वळलं.

ते जागेवर येऊन थांबेपर्यंत चार वाजून गेले होते. कोर्टाचा माणूस चिकटपट्टी आणि शिक्का घेऊन कामाला लागला होता. तरी त्यानं एवढी माणुसकी दाखवली की ज्याचं त्याला कोपऱ्यातलं सामान नेऊ दिलं. लोक मान खाली घालून आले आणि आपापलं उचलून गाड्यांत भरून गेले. ओडिलला वाटलं होतं त्याहून जास्त लोक आले. फिर्मिननं पेट्या नेल्या तेव्हा बाटल्या वाजत होत्या, तेवढाच काय तो आवाज.

हिल्डे शिडी उतरून सरळ बापासमोर उभी राहिली. डोळे लाल, हनुवटी वर.

“वजन कर,” ती म्हणाली. “सगळं परत आण आणि वजन कर. मला कळू दे.”

“काट्याच्या खोलीला सील लागलंय. सगळ्यात आधी तिथंच लावलं त्यांनी. आणि सामान तर गेलं.”

“म्हणजे तुला कधीच सांगता येणार नाही?”

“नाही.”

“मी उडाले असते, बाबा.”

“कदाचित.”

“कदाचित काय? उडालेच असते! तुझ्या भीतीपायी माझं सगळं गेलं.”

माफी मागायची तर कशाची, ते ओडिलला ठरवता येईना. विसरल्याची, की आठवल्याची?

संध्याकाळी घरी लिओनानं बटाट्याचं सूप वाढलं. हिल्डे ओडिलच्या समोर बसली, पण त्याच्याकडे बघेना. त्यानं ब्रेडची टोपली पुढे केली तर तिनं ती मुद्दाम न घेता पलीकडून लांब हात करून लोणी ओढलं. चमचा ताटलीवर आपटून आपटून ती जेवत होती, घास गिळताना नाक ओढत होती. लिओनानं डोळ्यांनीच खुणावलं, बोल काहीतरी तिच्याशी. ओडिलनं नको म्हणून मान हलवली. सूप निवत चाललं होतं आणि तो नुसता बघत होता, पोरगी जेवतेय ते.